मुरुमांचे औषध आणि गोरेपणाचा बाजार

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या आसपास औषधांच्या दुकानांची गर्दी आहे. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर तिथे थोडा वेळ थांबले, तर एक मागणी हमखास कानावर पडते. ‘तोंडावर पुटकुळ्या आल्यात, एखादं क्रीम द्या.’ चिठ्ठी कुणी मागत नाही आणि कुणी दाखवतही नाही. काउंटरवर एक ट्यूब येते, पैसे चुकते होतात आणि पोरगं किंवा पोरगी वाटेला लागते. त्या ट्यूबमध्ये काय आहे, यावर पुढच्या वर्षभरातला तो चेहरा ठरणार असतो. आत नुसते अडापालीन हे मुरुमांवरचे औषध असेल, तर धीर धरल्यास बहुधा गुण येईल. आत स्टेरॉइड असेल, तर आठवडाभरात चेहरा उजळल्यासारखा वाटेल आणि काही महिन्यांत पार बिघडेल. घेणाऱ्याला यातले काही ठाऊक नसते.

आमचे म्हणणे सरळ आहे. मुरुमांवर चांगले, स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित औषध आज उपलब्ध आहे. ते लोकांपर्यंत नीट पोहोचत नाही, याचे कारण औषधात नाही. कागदावर कडक आणि दुकानात ढिली असलेली आपली व्यवस्था आणि तिच्या आडोशाला फोफावलेला गोरेपणाचा धंदा, ही त्याची कारणे आहेत. हे इथवर कसे आले, ते पाहायला थोडे मागे जावे लागते.

तारुण्यात चेहऱ्यावर येणाऱ्या फोडांची नोंद सुश्रुतसंहितेत आहे. काटेसावरीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या या पुटकुळ्यांना तिथे क्षुद्ररोगांत जागा दिली आहे आणि वेखंड, लोध्र, धने यांचे लेप सांगितले आहेत. आपल्या घरांतही सहाण होतीच. जायफळ उगाळायचे, चंदन उगाळायचे, आंबेहळद लावायची, डाळीच्या पिठाने तोंड धुवायचे. कोल्हापूरच्या तालमींत तर मातीच अंगाला लावण्याची वस्तू. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभे केले, त्या काळापासून आजपर्यंत हौद्याच्या तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल, कडुलिंबाचा पाला मिसळण्याची रीत आहे. गंगावेस असो वा मोतीबाग, या मातीने कातडी निरोगी राहते अशी पैलवानांची श्रद्धा. या उपायांपैकी काहींनी जळजळ कमी होत असेल, त्वचा स्वच्छ राहत असेल. पण मुरूम जिथे जन्मतो, त्या रंध्राच्या आत यातले काहीच पोहोचत नव्हते.

तिथपर्यंत पोहोचण्याचा रस्ता जीवनसत्त्वांच्या शोधातून निघाला. १९१३ साली अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांना लोणी आणि अंड्याच्या बलकात वाढीला आवश्यक असा एक घटक सापडला. तेच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व ठरले. १९३१ मध्ये पॉल कारर यांनी त्याची रचना उलगडली आणि १९३७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हे जीवनसत्त्व कमी पडले की डोळ्यांबरोबर कातडीही बिघडते, खरखरीत होते, केसांच्या मुळाशी बारीक काटे उठतात, हे भारतातल्या आणि सिलोनमधल्या डॉक्टरांनी कुपोषित माणसांत पाहिले होते. मग मुरुमांवर हेच का देऊ नये, असा विचार पुढे आला. १९४० च्या दशकात अमेरिकेत पोटातून मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या गेल्या. पण गुण येण्याइतकी मात्रा दिली की अंगाला अपाय होई. तेव्हा ते पोटात न देता वरून लावावे, हा पुढचा टप्पा होता. १९६२ मध्ये जर्मनीत श्टुटगेन यांनी ‘अ’ जीवनसत्त्वापासून मिळणारे आम्ल त्वचेवर वापरून पाहिले. १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी ते मुरुमांवर लागू पडते, हे दाखवून दिले. ते ट्रेटिनॉइन. १९७१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

या यशाची एक काळी बाजू आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. क्लिगमन यांचे प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात चालत. तिथल्या कैद्यांच्या, त्यातही बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या, पाठीवर आणि चेहऱ्यावर १९५१ ते १९७४ या काळात शेकडो रसायने लावून पाहिली गेली. चार पैशांची गरज असलेल्या, बंद दारांआड असलेल्या माणसांची संमती ही खरी संमती नव्हे. फिलाडेल्फिया शहराने याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२२ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर. आज आपण बोटावर घेतो त्या औषधात त्या माणसांच्या कातडीची किंमत मिसळलेली आहे. ते निष्काळजीपणे विकणे हा त्यांचाही अपमान आहे.

हे औषध करते काय? मुरूम डोळ्यांना दिसतो, त्याच्या कितीतरी दिवस आधी रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून साचतात. आतले तेल बाहेर पडत नाही, त्या कोंडलेल्या तेलात जंतू वाढतात आणि मग सूज, पू, लाली. ट्रेटिनॉइनच्या घराण्यातली औषधे, म्हणजे रेटिनॉइड, पेशींचे हे चिकटणेच रोखतात. म्हणजे आलेला फोड बसवण्यापेक्षा येणारा फोड येऊ न देणे, हे त्यांचे मुख्य काम. म्हणूनच ते फोडापुरते लावून चालत नाही, साऱ्या चेहऱ्यावर लावावे लागते. म्हणूनच त्याला आठ ते बारा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत कातडी कोरडी पडते, सोलते, कधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात. आपल्याकडचे बहुतेकजण नेमके याच वेळी ट्यूब फेकून देतात.

अडापालीन हे याच घराण्यातले पुढचे औषध. अमेरिकेत १९९६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ट्रेटिनॉइन उजेडाने निकामी होते, अडापालीन तग धरते. शिवाय ते कातडीला कमी झोंबते. वीस वर्षांचा अनुभव गाठीशी आल्यावर ८ जुलै २०१६ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ०.१ टक्का अडापालीन बारा वर्षांवरील कुणालाही चिठ्ठीविना विकत घेण्याची मुभा दिली. या निर्णयातली सर्वांत शिकण्यासारखी बाब वेगळीच आहे. मुभा देण्यापूर्वी सामान्य ग्राहकाला वेष्टणावरचा मजकूर समजतो का, हे औषध आपल्यासाठी आहे की नाही हे त्याला ठरवता येते का, घरी नेल्यावर तो ते नीट वापरतो का, याच्या चाचण्या घेतल्या गेल्या. औषध सुरक्षित असणे आणि ते सुरक्षितपणे वापरले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिथे कायद्याने ओळखले.

आपल्याकडे काय झाले? चोप्रा समितीने १९३१ मध्ये भेसळयुक्त औषधांचा प्रश्न मांडला, १९४० मध्ये औषध कायदा झाला, १९६२ मध्ये त्यात सौंदर्यप्रसाधने आली. पण या दोहोंतली सीमारेषा आपल्या बाजारात कायम पुसट राहिली. १९७५ साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या साली मुंबईच्या पेंढरकरांच्या विकोने हळदीचे क्रीम बाजारात आणले आणि त्याच साली ‘फेअर अँड लव्हली’ही आली. विकोचे क्रीम औषध की प्रसाधन, हा उत्पादन शुल्काचा वाद वर्षानुवर्षे चालून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००४ मध्ये विकोच्या बाजूने निकाल लागला. एका मराठी कंपनीला आपले क्रीम औषध आहे हे सिद्ध करायला इतकी वर्षे झगडावे लागले. त्याच काळात प्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत खरी, जहाल औषधे बिनबोभाट शिरत होती.

योगायोगाने त्याच १९७५ मध्ये क्लिगमन यांनी वांगावर एक मिश्रण सुचवले होते. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड ही तिन्ही एकत्र होती. डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरते वापरायचे ते औषध. भारतीय बाजारात याच तिहेरी मिश्रणाची रूपे गोरे होण्याची क्रीम म्हणून खपू लागली. स्टेरॉइडने लाली झटकन ओसरते, रंग उजळतो, मुरूम दबतात. म्हणून एक मैत्रीण दुसरीला सांगते, लग्नाआधी नवरीला दिले जाते. वर्षभर लावले की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात गेले की आग होते. आणि बंद करावे, तर पहिल्यापेक्षा जास्त मुरूम उसळतात. मग पुन्हा तीच ट्यूब. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील बारा त्वचारोग केंद्रांतल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते आणि निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरने दिलेलेच नव्हते.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध नेटाने आवाज उठवला. वरून लावायच्या औषधांना चिठ्ठीच्या नियमातून मिळणारी जुनी सूट अखेर मार्च २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइडांपुरती काढून घेतली गेली. पण गोरेपणाच्या हव्यासाला केवळ अधिसूचनेने लगाम बसत नाही. त्यानंतरही अकोल्यातल्या एका घरातील तिघी जणी मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला असता, दोष त्या वापरत असलेल्या क्रीममधल्या पाऱ्याचा निघाला. ते क्रीम ब्यूटी पार्लरमधून आलेले होते.

चिठ्ठीशिवाय औषध नाही, हा नियम काटेकोर पाळण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झालेला आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि विक्री चिठ्ठीवरच हवी, असा आग्रह धरला. त्यावर विक्रेत्यांनी बंद पुकारले, मोर्चे काढले. अधिकारी बदलले आणि सारे पूर्वपदावर आले. नियम पाळायचा तर प्रत्येक मुरुमासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे लागेल. गडहिंग्लज, चंदगड, गगनबावड्याच्या पोराने एक ट्यूब लिहून घ्यायला दिवस मोडून, गाडीभाडे आणि तपासणीचे पैसे मोजून कोल्हापुरात यावे, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. आणि न टिकणाऱ्या नियमाचा फायदा चांगल्या औषधापेक्षा वाईट औषधाला अधिक होतो. दोन्ही चिठ्ठीविनाच विकली जाणार असतील, तर जी लवकर ‘गुण’ दाखवते तीच ट्यूब जास्त खपणार.

म्हणून आम्हाला मधला मार्ग हवा आहे. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने सोळा औषधे चिठ्ठीविना विकू देण्याचा मसुदा काढला होता आणि त्यात मुरुमांवरचे बेंझॉइल पेरॉक्साइड होते. त्याच धर्तीवर ०.१ टक्का अडापालीनचाही विचार व्हावा, पण अटींसह. ते फार्मासिस्टने स्वतः हातात द्यावे, तोंडी सूचना द्याव्यात आणि वेष्टणात ठळक मराठी पत्रक असावे. आज ट्यूबवरची सूचना इतक्या बारीक इंग्रजीत असते, की ती वाचली जावी अशी कुणाची इच्छाच नसावी असे वाटते. फार्मासिस्टने रुग्णाला समजावून सांगणे हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत त्याचे कर्तव्यच ठरवलेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यात फार्मसीची महाविद्यालये आहेत, दरवर्षी शिकून बाहेर पडणारी मुले आहेत. त्यांच्या ज्ञानाला काउंटरवर काम द्या. दुसऱ्या बाजूला, स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमच्या बाबतीत तसूभरही ढिलाई नको. दुकानांबरोबर ब्यूटी पार्लरमधले बिननावाचे डबेही तपासले जावेत.

त्या पत्रकात काय असावे, तेही सांगतो. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा. वाटाण्याएवढे जेल साऱ्या चेहऱ्यावर पातळ पसरा. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे टाळा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा, सोबत साधे मॉइश्चरायझर वापरा. फार झोंबले तर अंतर वाढवा, कारण आपल्या सावळ्या कातडीवर जळजळीचेही काळे डाग उरतात. दिवसा सनस्क्रीन लावा. तीन महिने थांबा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर हे औषध वापरू नका. मोठ्या गाठी असतील, खड्डे पडत असतील किंवा मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल, तर ट्यूबवर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नका. गरोदरपणात त्या बाळाला गंभीर व्यंग आणतात.

आणि आईबापांना एक विनंती. पंधरा-सोळा वर्षांचे मूल आरशासमोरून हलत नाही, फोटोत यायला नको म्हणते, तेव्हा ‘वयात आलं की येतातच, जातील आपोआप’ म्हणून विषय टाळू नका. मुरूम हा आजार आहे, त्यावर इलाज आहे आणि वेळेत केला तर व्रण टळतात. सावळा रंग हा मात्र आजार नाही आणि त्याला कोणत्याही औषधाची गरज नाही. हा फरक आधी घरात स्पष्ट झाला, तर दुकानातली चुकीची ट्यूब मागणारेच उरणार नाहीत.