सदसद्विवेकाची नोंद कोणत्या दप्तरात?

समुद्रपूर आज महाराष्ट्रात आहे. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे धर्म आणि शासन यांच्या संबंधांतील एक जुने प्रकरण या भूमीला परके नाही.

१९५४ साली मध्य प्रदेश शासनाने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. धर्मांतरावर कायद्याने नियंत्रण असावे, अशी शिफारस समितीने १९५६ च्या अहवालात केली. पुढे मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मस्वातंत्र्य कायदा झाला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्वाळाही दिला.

मात्र १९५६ च्याच ऑक्टोबरमध्ये स्वतः नियोगी यांनी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांसमवेत बौद्ध धर्माचा स्वीकार केला. आपला हेतू शुद्ध आहे, हे त्यांना कोणत्याही अधिकाऱ्यापुढे सिद्ध करावे लागले नाही. तसे ते लागू नये, हेच उचित होते.

बळजबरी, फसवणूक व आमिष यांना शिक्षा व्हावी, याविषयी आमचे दुमत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात असे मार्ग निषिद्ध मानले आहेत. आपल्या सेवाकार्यात कोठे लाभाची अट शिरली आहे काय, हे ख्रिस्तसभेनेही प्रामाणिकपणे तपासावे.

तथापि कृत्याची चौकशी वेगळी आणि श्रद्धेची वेगळी. मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने धर्मांतरापूर्वी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळविण्याची अट घातली. महाराष्ट्रातही २०२५ साली अशा कायद्याच्या अभ्यासासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. निवृत्त न्यायमूर्ती आपली बाजू मांडू शकतो. समुद्रपूरच्या शेतमजुराने साठ दिवस गावाच्या नजरा व कार्यालयाचे हेलपाटे कसे सोसावेत? संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य त्याचेही आहे.

शासनाने नागरिकाच्या देहाचे व मालमत्तेचे रक्षण करावे; त्याच्या अंतःकरणाचा पंचनामा करू नये. आणि आम्ही धर्मगुरूंनी वेदीवरून मतांचा कौल मागू नये. दोन्ही मर्यादा पाळल्या गेल्या, तरच धर्म आणि राज्य या दोहोंची प्रतिष्ठा टिकेल, असे आम्हांस वाटते.