सीमाप्रश्नाची बोलणी कुठे अडतात

बेळगाव, कारवार, निपाणीसह ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत हा पट्टा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. बोलणी अडतात ती आधी निकषावर. महाराष्ट्र गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या धरतो. कर्नाटकाला केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल अंतिम वाटतो. त्यात २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला आणि बेळगाव जिथल्या तिथे. आयोगाची मागणी महाराष्ट्राचीच होती, त्यासाठी सेनापती बापट उपोषणाला बसले होते. अहवाल नाकारण्यात महाराष्ट्राची बाजू न्याय्य असली, तरी ही गोष्ट प्रत्येक बैठकीत आडवी येते.

दुसरा अडसर काळाचा. २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दरम्यान २०१२ मध्ये बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले. मराठी शेतकऱ्याच्या हाती जमिनीचा उतारा कन्नडमध्येच पडतो. इस्रायल-पॅलेस्टाईन वाटाघाटींतही, कितीतरी अधिक रक्त सांडून, हेच झाले: निर्णय लांबला आणि तोवर जमिनीवरचे वास्तव बदलत गेले. १९९३च्या ओस्लो करारात जेरुसलेम, निर्वासित, सीमा आणि वसाहती हे प्रश्न पुढे ढकलले गेले आणि वसाहती वाढत राहिल्या.

डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत ठरले ते एवढेच: दोन्ही राज्यांचे तीन-तीन मंत्री बोलतील आणि न्यायालयाच्या निकालापर्यंत कोणीही दावा पुढे रेटणार नाही.