‘नाही’ लिहिणारा घरी, बाकीचे ‘अधिसंख्य’



नोकरीच्या अर्जात माहिती दडवू नका, पार्श्वभूमी तपासणीत सगळे बाहेर येते, असा उपदेश रविवारच्या पुरवणीतल्या लेखात नव्या मुलांना केला आहे. उपदेश चुकीचा नाही. पण तो दरवेळी बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांनाच का? माझी नोकरी आस्थापना शाखेत गेली. साक्षांकन नमुने आणि जात वैधतेच्या फायली हाताखालून गेल्या. खोटी माहिती कोणाला भोवते आणि कोणाला पचते, हे त्या टेबलावर चांगले कळते.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाची सरकारी भरतीत निवड झाली. वैद्यकीय तपासणीही झाली. साक्षांकन नमुन्यात ‘कधी गुन्हा दाखल झाला होता काय’ या रकान्यात त्याने ‘नाही’ लिहिले. कॉलेजात असताना विसर्जन मिरवणुकीतल्या हाणामारीत दहा-बारा जणांबरोबर त्याचेही नाव गोवले गेले होते, पुढे सगळे निर्दोष सुटले. सुटलो म्हणजे विषय संपला, असे त्याला वाटले. चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्यातून नाव निघाले आणि निवड रद्द! त्याने ‘होय’ लिहायला हवे होते, यात वाद नाही. पण अवतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच म्हटले आहे की, तरुण वयात घोषणा देण्यासारखे किरकोळ प्रकरण असेल, तर ते दडवल्याकडे नियुक्ती करणारा अधिकारी दुर्लक्ष करू शकतो. त्यासाठी फायलीवर दोन ओळींचे कारण लिहून सही करावी लागते. ती कोण करतो? रद्द करणे केव्हाही सोपे.

आता दुसरीकडे बघा. जमातीचे प्रमाणपत्र अवैध ठरले की त्यावर मिळालेली नोकरी टिकत नाही, फसवण्याचा हेतू होता की नव्हता हेही बघायचे कारण नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात जुलै 2017 मध्ये दिला. राज्य सरकारने काय केले? 21 डिसेंबर 2019 चा शासन निर्णय काढून प्रमाणपत्र अवैध ठरलेल्या मंडळींना 11 महिन्यांसाठी ‘अधिसंख्य’, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदांवर बसवले. 11 महिने! ते संपले, 2020 संपले, 2021 संपले, आणि 2022 मध्ये याच कर्मचाऱ्यांना सेवानिवृत्तीचे लाभ देण्याचा निर्णय झाला. सरकारी कॅलेंडरात 11 महिने म्हणजे निवृत्तीचे वय, एवढाच याचा अर्थ. यातल्या काहींनी जाणूनबुजून फसवले नसेल, मान्य. पण मग आमच्या गल्लीतल्या पोराने काय जाणूनबुजून दरोडा लपवला होता?

ज्या आदिवासी मुलांच्या जागा त्यात गेल्या, त्यांच्यासाठी विशेष भरतीची घोषणा ऐकून कान किटले. खोटे जात प्रमाणपत्र मिळवून लाभ घेतल्यास सहा महिने ते दोन वर्षे तुरुंगवासाची तरतूद राज्याच्या जात पडताळणी कायद्याच्या कलम 11 मध्ये आहे. या कलमाखाली आजवर किती जण तुरुंगात गेले, अधिसंख्य पदांवर आज किती जण आहेत आणि रिकाम्या झालेल्या किती जागा खऱ्या आदिवासींनी भरल्या, हे तीन आकडे सरकारने विभागवार जाहीर करावेत. तोवर प्रामाणिकपणाचे पाठ कोणी देऊ नयेत.

जाता जाता खासगी कंपन्यांविषयी. तुमच्या लेखात त्यांच्या तपासणीचे भारी कौतुक आहे. जुनी कंपनी नोटिशीच्या काळावरून भांडून कार्यमुक्तीचे पत्र अडवते, नवी कंपनी त्या पत्राशिवाय तपासणीत लाल शेरा मारते, आणि मधे मुलगा लटकतो. जाहिरातीत बारा लाखांचे पॅकेज दाखवून ग्रॅच्युइटी आणि कधीच न मिळणारा बोनस त्यातच मोजणाऱ्या कंपनीची पार्श्वभूमी मुलांनी कोणाकडून तपासून घ्यायची? लेखकाने पुढच्या रविवारी त्यावर लिहावे.

— एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक, नाशिक