न सापडणारा विषाणू जोडीदाराकडे जात नाही

एचआयव्हीचं औषध रोज घेणाऱ्या माणसाच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्याच्याशी आलेल्या शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्हीची लागण होत नाही. ‘फारशी होत नाही’ असं नव्हे, होतच नाही. वैद्यकशास्त्रात यावर आता वाद नाही. वाद आहे तो हे रुग्णाला सांगायचं की नाही, याचा. रुग्णांविषयी कळवळा असलेली, या कामात केस पांढरे झालेली माणसंही म्हणतात, नको सांगायला. त्यांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं.

एक आक्षेप असा की हे संशोधन परदेशातलं, आपल्या माणसांना ते कसं लावायचं? तो टिकत नाही. औषधोपचारानं जोडीदाराचं रक्षण होतं हे ज्या मोठ्या चाचणीनं सिद्ध केलं, त्या ‘एचपीटीएन ०५२’मध्ये नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती आणि त्यांच्यात पुण्यातली व चेन्नईतली जोडपीही होती. बहुतेक सगळी स्त्री-पुरुषांची. एक बाधित, दुसरा नाही. उपचार लांबवलेल्या गटाच्या तुलनेत, लगेच औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचं २०११ मध्येच जाहीर झालं. पुढे युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात सुमारे ५८ हजार वेळा निरोधाविना संबंध आले आणि औषध घेणाऱ्याकडून जोडीदाराला एकही लागण झाली नाही. पुण्याजवळ भोसरीत एचआयव्हीवर संशोधन करणारी संस्था, पुण्यातल्या जोडप्यांच्याही सहभागातून निघालेलं ज्ञान, आणि ते पुण्याच्याच रुग्णापासून लपवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. आपल्याकडे गोळ्या चुकतात. माणूस ऊसतोडीला जातो, स्थलांतर करतो, औषध संपतं, मग विषाणू पुन्हा वाढतो. खरं आहे. ‘एचपीटीएन ०५२’मध्येही औषध सुरू झाल्यावर काही जोडीदारांना लागण झाली. पण ती कधी झाली? एकतर उपचार नुकताच सुरू झाला होता, विषाणू अजून दबला नव्हता. किंवा उपचार निष्फळ ठरून तो परत वाढला होता. दबलेला असताना एकदाही नाही. म्हणजे आक्षेपातलं सत्य हीच या विधानाची अट आहे, आणि अटीसकट विधान कुणालाही समजेल असं सांगता येतं : पहिले सहा महिने निरोध सोडायचा नाही, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला ‘लोड’ची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी, नंतर दरवर्षी, गोळ्यांत खंड पडला तर पुन्हा निरोध आणि पुन्हा तपासणी. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते आणि सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात ती फुकट मिळते.

मुळात गोळ्या का चुकतात, हेही पाहायला हवं. डबीवरचं लेबल नखानं खरडून काढायचं, गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून डाळीच्या डब्यामागे ठेवायच्या, घरात पाहुणे असले की त्या रात्रीची गोळी राहून जाते. चोरून घेतलेलं औषध नेमानं घेता येत नाही. ज्या घरात नवऱ्याला किंवा बायकोला सगळं ठाऊक असतं, तिथे ‘गोळी घेतली का?’ असं विचारणारं कुणीतरी असतं. आपली गोळी जोडीदाराचंही रक्षण करते हे कळलेला माणूस ती अधिक जपून घेईल, की कमी?

राहिला निरोधाचा मुद्दा. सांगितलं तर लोक निरोध टाकून देतील, मग सिफिलिस आणि गोनोरिया पसरतील. ही गोळी ते आजार थांबवत नाही, हे स्पष्ट सांगावंच. लघवीला जळजळ, जननेंद्रियावर फोड वा जखम, घाण वासाचा स्राव, यांतलं काही दिसलं तर दोघांनी तपासून घ्यावं. आजार निघाला तर दोघांचे उपचार एकाच वेळी व्हावेत आणि ते पुरे होईपर्यंत संबंध टाळावेत. एकट्या बायकोला औषध देऊन नवऱ्याला मोकळं सोडलं तर आजार फिरून तिच्याकडेच येतो. पण ‘सांगितलं तर लोक बिघडतील’ हा युक्तिवाद महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवत होते तेव्हा त्यांनाही हेच ऐकवलं गेलं, खटलेही झाले.

शिवाय निरोध कुणाच्या हातात असतो? डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला. देहविक्रय न करणाऱ्या, बहुतांशी विवाहित आणि नवऱ्याशीच एकनिष्ठ असलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. ‘निरोध वापरा’ हा उपदेश नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या बाईला काय कामाचा? नवऱ्यानं घेतलेली गोळी तिचं रक्षण करते, त्यासाठी तिला रोज रात्री हुज्जत घालावी लागत नाही. आणि बाधित ती असेल, तर गोळी तिच्या स्वतःच्या हातात असते.

म्हणून माझं मागणं आहे : लोडचा अहवाल नुसता फायलीला लावू नका. रुग्णाची संमती घेऊन जोडीदारालाही बोलवा, दोघांना समोर बसवून त्या आकड्याचा अर्थ सांगा, मूल हवं असेल तर तेही शक्य आहे हे सांगा. संमती मात्र खरी हवी. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं, जोडीदाराला मोठा धोका असेल तर रुग्णाला आधी समजावून आणि तशी कल्पना देऊन मग जोडीदाराला कळवण्याची मुभा डॉक्टरांना व समुपदेशकांना दिली आहे. पण बाधित स्त्रीला त्यामुळे मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल, तर तिच्या नवऱ्याला कळवू नये असंही तोच कायदा बजावतो. अशा बाईला आधी सुरक्षित जागा आणि न चुकणारं औषध मिळालं पाहिजे. नवऱ्याला कधी सांगायचं, हे तिनं ठरवावं.