फुईला आंटी करण्याआधी

शाळेतल्या इंग्रजीची पहिली शब्दयादी घरापासूनच सुरू होते. मदर, फादर, अंकल, आंटी, किचन, बेडरूम. मागोमाग स्वभावाचे शब्द, ऑनेस्ट, शाय, लेझी, नॉटी. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे ही यादी घोकणारी पहिली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावात ही यादी ज्या रीतीने शिकवली जाते, ती रीत चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. मुलाचे घर वगळून घराचे इंग्रजी शिकवू नये, एवढेच म्हणतो. या रीतीच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. त्या एकेक करून तपासू.

पहिली गोष्ट अशी की घरातले शब्द सर्वांत सोपे, म्हणून सुरुवात तिथून. वस्तुतः परक्या भाषेत सर्वांत अवघड शब्द नात्यांचेच असतात. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींचे मान वेगळे, लग्नकार्यातल्या जागा वेगळ्या. इंग्रजीत चौघीही आंटी. मामेबहीण आणि चुलतबहीण दोघीही कझिन. पण महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होते आणि चुलतबहिणीचा तर विचारही करवत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतीय आप्तसंबंधांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी नात्यांची नावे आणि लग्नाचे नियम एकत्रच अभ्यासले, ते याचमुळे. भिल्ल समाजात वराकडचे लोक मुलीच्या बापाला देज देतात. पुस्तकातला डाउरी हा शब्द याच्या नेमका उलट व्यवहार सांगतो, आणि त्या घरातल्या मुलीला तो तिच्याच रीतीचे नाव म्हणून शिकवला जातो. घराचेही तेच. कुडाच्या भिंती, ओटा, चूल, कणगी, अंगणातली खाट यांतले काहीच यादीत नसते. सोफा आणि बाल्कनी मात्र असते. ऊसतोडीसाठी आईबाप दक्षिण गुजरातेत गेलेले आणि पोर आजीजवळ राहिलेले, असे कुटुंब 'माय फॅमिली' या निबंधात कुठे बसते?

दुसरी गोष्ट अशी की बोलीत स्वभावाचे, मनाचे शब्दच नाहीत. ते इंग्रजीतूनच घ्यावे लागतात. हे अज्ञान आहे. भिडस्त, घुमा, तिरसट, लाघवी, सोशिक, खमका, हेकट, मुखदुर्बळ, आतल्या गाठीचा, माणूस ओळखण्याची अशी शेकडो नावे मराठीत आहेत आणि ती बहुतेक घरात आणि शेतातच घडली. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांच्या बोलीने मनाचा आणि सासर-माहेराचा जो ठाव घेतला, तो १९५२ साली त्यांची गाणी छापून आली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने मान्य केला. शहाद्याकडच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली निघाला. ज्या बोलींत कविता उभी राहते, त्या दरिद्री कशा म्हणायच्या? २०११च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक लोक नोंदले गेले. तरीही ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. अभाव शब्दांचा नाही, मान्यतेचा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार आहे. पालकांनाच इंग्रजी हवी आहे. बोलीचा आग्रह धरणारे त्यांच्या मुलांना मागे ठेवतात. पालकांची मागणी रास्त आहे, आणि ती नाकारण्याचा अधिकार शहरात इंग्रजी शिकून स्थिरावलेल्या कोणालाही नाही. काही नवे शब्द तर घरात यायलाच हवेत. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसा ठरवले. जे सोसणे बाईचे नशीब समजले जात होते, त्याला त्यामुळे हिंसेचे नाव मिळाले. असे शब्द कोणत्याही भाषेतून आले तरी ते उपकारकच. पण इंग्रजी हवी म्हणजे ही घोकंपट्टी हवी, असे पालक कधीच म्हणाले नाहीत. ज्या मुलाच्या घरी आईला याहा म्हणतात, त्याला मदर म्हणजे आई असे सांगितले की एका परक्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या परक्या शब्दात मिळतो. आवाज पाठ होतो, अर्थ हाती लागत नाही. इंग्रजी पक्की व्हावी म्हणून योजलेली ही रीत इंग्रजीच कच्ची ठेवते.

इथे मराठीच्या कैवाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. आत्याची आंटी झाली म्हणून आपण हळहळतो. पण अहिराणी घरातल्या फुईची आत्या आपल्याच शाळांनी केली, तेव्हा त्याला आपण शुद्धलेखन म्हटले. मुलाला आंडोर, मुलीला आंडेर म्हणणाऱ्या पोरांवर वर्गाला हसू दिले. सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्येच्या या जिल्ह्यात प्रमाण मराठी ही बहुसंख्य मुलांसाठी शाळेत भेटणारी भाषा आहे. इंग्रजीने मराठीवर जो अन्याय केला असे आपण म्हणतो, तोच आपण या बोलींवर करत आलो. आधी तो थांबवला, तरच आपल्या तक्रारीला वजन येईल.

मग करायचे काय? उपाय साधा आहे. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात घरचा शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. पहिला रकाना मुलांनी भरायचा, आजी-आजोबांना विचारून. शिक्षकाला बोली येत नसेल तर त्याने तो रकाना मुलांकडून शिकावा. जिथे इंग्रजीत एकच शब्द आहे तिथे 'फादर्स सिस्टर', 'मदर्स सिस्टर' असे फोडून सांगायला शिकवावे; त्यातून वाक्यरचनाही आपोआप येते. देज, कणगी, ओटा यांचे वर्णन मुलांनी इंग्रजीत करावे. अशी मुले पाठ केलेले म्हणून दाखवणार नाहीत, ती इंग्रजीत बोलू लागतील.

यात अशक्य काही नाही. याच जिल्ह्यात, नर्मदाकाठी, नर्मदा बचाव आंदोलनाने नव्वदच्या दशकापासून जीवनशाळा चालवल्या आणि तिथे मुलांच्या बोलीला वर्गात जागा दिली. ओडिशा सरकारने २००६ पासून आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले. संविधानाचे कलम ३५० क प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेची सोय करायला सांगते, आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणते. कायदा आहे, अनुभव आहे. उणीव इच्छेची आहे.

म्हणून जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वरून परिपत्रक येण्याची वाट पाहू नका. येत्या जूनमध्ये इंग्रजीच्या पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहिण्याआधी मुलांना विचारा, तुमच्या घरी यांना काय म्हणतात? मुले जे सांगतील, ते सर्वांत आधी फळ्यावर लिहा.