धागा आपला, रंग कुणाचा?

रंग बदलत जाणारे लोकरीचे आणि सुताचे तयार गुंडे हल्ली जयगडलाही घरपोच येतात. आपण साखळ्या-खांब घालीत जावे, रंग आपोआप उतरत जातो. डोक्याला ताप नाही! माझी तक्रार नेमकी याच सुखाविषयी आहे.

गोल रुमालाचेच पाहा. तो मधून बाहेर वाढतो; प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून लांब. चार रंगांचे सारख्या रुंदीचे पट्टे हवे असतील, तर सूत १, ३, ५, ७ या प्रमाणात लागते. म्हणजे १६० ग्रॅमपैकी मधल्या रंगाला १० आणि काठाच्या रंगाला ७०. गुंड्यात चारही रंग चाळीस-चाळीस ग्रॅम भरलेले असले, की पहिलाच रंग निम्मी त्रिज्या गिळून बसतो आणि काठाला तिचा सातवा हिस्साही उरत नाही. गुंडा भरणाऱ्याला तुमचा रुमाल गोल की चौकोनी, हे कसे ठाऊक असणार?

घरी गुंडा वळायला लागते तरी काय? बारीक सुताचे चार पदर एकत्र धरावेत. आधी चारही निळे. मग एक निळा तोडून त्याजागी हिरवा जोडावा. मग दुसरा, तिसरा, चौथा. दोन रंगांत पाच छटा झाल्या. पाच रंग घ्या, सतरा होतात! शेजारचे धागे डोळा आपणच मिसळतो. पैठणीची धूपछांवही ताणा एका रंगाचा नि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊनच साधते. शेजारामुळे रंग पालटलेला दिसतो, हे पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यातील रंगशाळेचे प्रमुख शेव्रल यांनी १८३९ साली ग्रंथ लिहून मांडले.

कुणी म्हणेल, गाठी दिसतात. एका वेळी चारांतला एकच पदर बदलतो. ती बारीक गाठ मागल्या बाजूला सहज दडते. कुणी म्हणेल, वेळ कुणाला आहे? हजारो खांब घालायला बसलेल्या बाईने हा प्रश्न विचारावा, याचे मात्र मला हसू येते.

बायकांचे विणकाम म्हणजे नुसते हात चालवणे, असे समजणारे पुष्कळ आहेत. तयार गुंडा त्यांच्या हाती आयता पुरावा देतो. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आजीने कुठला तुकडा कशाशेजारी बसवावा, हे कुठल्या कारखान्याला विचारले होते? पावसाळ्यात जयगडच्या किल्ल्यावरून खाली पाहावे. शास्त्रीचे तांबडे पाणी समुद्रात शिरते, पण सारख्या मापाचे पट्टे पाडून नव्हे. कुठे ते दूरवर रेंगाळते, कुठे चटकन निवळते.

तेव्हा या दिवाळीत लेकीला तयार गुंडा आणून देऊ नका. चार रंगांची चार रिळे द्या, क्रोशाची सुई द्या, आणि कुठला रंग कुठे संपवायचा, हा हिशेब तिचा तिला करू द्या.