कुलूपबंद छायाचित्रांचा ठसा कोणाकडे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅपलने ब्रिटनमधील नव्या ग्राहकांसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ ही सुविधा बंद केली. ग्राहकांच्या कूटबद्ध माहितीत शिरकाव करू देण्याचा आदेश ब्रिटिश सरकारने दिल्याचे वृत्त त्याआधी आले होते. त्यानंतरचा वाद किल्ली कोणाकडे असावी याभोवतीच फिरला. मात्र ही सुविधा जिथे सुरू आहे, तिथेही एक गोष्ट कंपनीच्या हाती उरते, ती म्हणजे प्रत्येक छायाचित्राचा गणिती ठसा, अर्थात ‘चेकसम’. दुहेरी प्रती ओळखून साठवणुकीची जागा वाचवणे, हे त्याचे एक कारण अ‍ॅपल देते.

जागेची ही चिंता खोटी नाही. लग्नसमारंभातील एकच छायाचित्र पंचवीस नातेवाइकांच्या खात्यांत जाऊन बसते. पंचवीस प्रतींचा ठसा एकच असल्याने कंपनी एक प्रत ठेवून बाकीच्यांना तिच्याशी जोडू शकते. पण प्रत्येकाने स्वतंत्र किल्लीने कुलूप लावले, की तेच छायाचित्र पंचवीस निरनिराळ्या रूपांत पोहोचते आणि साम्य दिसेनासे होते. गोपनीयता आणि काटकसर इथे एकमेकींच्या आड येतात.

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी यावर तोडगा मांडला: किल्ली त्या फाइलमधूनच तयार करायची. फाइल तीच, तर किल्ली तीच आणि कूटबद्ध रूपही तेच. पण त्यातच या पद्धतीची दुबळी बाजू आहे. ज्याच्याकडे मूळ छायाचित्र आहे, त्याला ते साठ्यात आहे की नाही हे ताडून पाहता येते. ठरावीक नमुन्याच्या वेतनपत्रात केवळ रक्कम बदलत असेल, तर सर्व संभाव्य रकमा घालून खरी रक्कम शोधता येते. २०१० मध्ये संशोधकांनी आणखी एक वाट दाखवली: फाइल प्रत्यक्ष न पाठवताच ‘अपलोड पूर्ण’ झाले, तर ती आधीच कोणाकडे तरी आहे हे उघड होते. २०१३ मधील ‘डुपलेस’ या रचनेत किल्ली बनवण्यासाठी स्वतंत्र सर्व्हरची मदत घेतली जाते. तो ठरावीक वेगापलीकडे उत्तरे देत नाही, त्यामुळे अंदाजांचा भडिमार रोखला जातो. धोका घटतो, पण त्या सर्व्हरवर विश्वास ठेवावा लागतो.

छायाचित्रांचा पेच याहून अवघड आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत आकाराने लहान झालेली असते, त्यामुळे तिचा ठसा मूळ प्रतीशी जुळत नाही. अशा ‘जवळपास सारख्या’ प्रती ओळखायच्या, तर चित्राच्या दृश्यरूपावरून ठसा घ्यावा लागतो. पण जे साधन सारखी चित्रे ओळखते, तेच एखाद्या यादीतील चित्रेही ओळखते. बालशोषणाची चित्रे शोधण्यासाठी अ‍ॅपलने २०२१ मध्ये असेच तंत्र योजले होते. उद्या यादी कोण ठरवील, या आक्षेपाने जोर धरला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली.

म्हणून प्रती ओळखण्याचे काम कुठे होते, हाच कळीचा प्रश्न ठरतो. ते वापरकर्त्याच्या उपकरणावर, कुलूप लागण्यापूर्वी झाले, तर ठसा बाहेर जाण्याचे कारण उरत नाही. आयफोनमध्ये २०२२ पासून दुहेरी छायाचित्रे शोधून एकत्र करण्याची सोय आहेच. एकाच खात्यापुरती केलेली छाननीही तुलनेने सुरक्षित असते. निरनिराळ्या ग्राहकांच्या साठ्यांची परस्पर तुलना करण्यात बचत मुख्यतः कंपनीची होते, जोखीम मात्र ग्राहकाच्या वाट्याला येते.

पारपत्र, व्हिसा आणि घरच्यांच्या आठवणी एकाच साठ्यात ठेवणाऱ्या अनिवासी कुटुंबांनी सेवा निवडताना किल्ली कोणाकडे, एवढ्यावर थांबू नये. कुलपाबाहेर काय उरते, हेही विचारायला हवे. पेटी बंद असली, तरी तिच्यात काय आहे हे ताडून पाहण्याची सोय दुसऱ्याच्या हाती असेल, तर ते कुलूप अर्धेच म्हणावे लागेल.